३१५चे टायर आणि ४.५६चे क्राऊन-पिनियन : अठरा हजार किलोमीटरनंतरचा अभिप्राय

आधी मोठे टायर बसवून पाहू आणि गरज वाटलीच तर नंतर अॅक्सलचे गिअर बदलू, असे ठरवून मी पिकअपला टायर घातले आणि पाच महिने गाडी तशीच चालवली. त्या पाच महिन्यांनी मला पटवून दिले की या मापाचे टायर आणि अॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यासाठी त्याला फिरवणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा) ही एकच खरेदी आहे. त्यामुळे या अभिप्रायात टायर, क्राऊन-पिनियनची (अॅक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची) नवी जोडी आणि ती बसवून देणाऱ्या गॅरेजचे काम, या तिन्हींविषयी एकत्रच लिहितो आहे.

गाडीचे मूळ टायर २६५/७०आर१७ मापाचे होते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. त्यावरून हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर भरतो आणि मी घेतलेल्या ३१५/७०आर१७ चा ८७३. फरक ७० मिलिमीटरचा, म्हणजे ८.७ टक्के. त्यातले निम्मे, ३५ मिलिमीटर, मागच्या डिफरन्शिअलखालच्या (अॅक्सलच्या मध्यावर हे गिअर ज्यात असतात त्या गोळ्याखालच्या) जागेत मिळतात, आणि चाकोऱ्यांमधला उंचवटा जिथे डिफच्या गोळ्याला घासतो तिथे ते फार मोलाचे ठरतात. सस्पेन्शन उंच केल्याने गाडीचे अंग वर जाते, परंतु सलग अॅक्सलच्या (दोन्ही चाके एकाच अखंड अॅक्सलवर असलेल्या) गाडीत डिफरन्शिअल जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहते. ते वर घ्यायचे तर टायरच मोठा हवा. माझा टायर घेण्याचा हेतू एवढाच होता आणि तो पूर्ण झाला.

त्याची किंमत पहिल्याच मोठ्या चढावर कळली. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून अॅक्सलमध्ये ३.७३ चे गिअर असूनही इंजिनाच्या वाट्याला येणारे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.४३ चे होते. त्यात वजनाची भर पडली. मी वजनकाट्यावर ठेवून पाहिले तेव्हा जुना टायर १८ किलोचा भरला आणि नवा ३० किलोचा. हे वाढलेले बारा किलो पाठीमागच्या हौद्यात ठेवलेल्या सामानासारखे नसतात, कारण त्यांतले बरेचसे वजन चाकाच्या परिघाजवळ असते आणि गाडीला पुढे ढकलताना ते फिरवण्यासाठीही ताकद खर्च होते. सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी सपाट रस्त्यावरही सहावा गिअर धरून ठेवेना. जरासा चढ आला, समोरून वारा आला किंवा मागे ट्रेलर असला की पाचवा, पुन्हा सहावा, पुन्हा पाचवा असा खेळ सुरू होई, आणि टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागाचे) लॉक सुटल्यावर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान वाढलेले दिसे. गाडी चालत होती, पण दम लागलेल्या माणसासारखी चालत होती, आणि ही अवस्था गिअरबॉक्सच्या आयुष्याला मारक आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

गुणोत्तर निवडताना सर्वांत जास्त विचार करावा लागला. जुने गुणोत्तर गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास, हा सोपा हिशेब मांडला तर उत्तर ४.०६ येते आणि बाजारात त्याच्या सर्वांत जवळची जोडी ४.१० ची मिळते. कागदावर हे उत्तर बिनचूक आहे. शंभर किलोमीटर वेगाला, ०.६९ च्या सहाव्या गिअरमध्ये, मूळ टायरांवर इंजिनाचे फेरे हिशेबाने मिनिटाला सुमारे १७०० होते, मोठ्या टायरांनी ते १५६५ वर आले, ४.१० घातले तर ते १७२० होतात, म्हणजे गाडी पूर्वीच्या जागी परत येते. मात्र हा हिशेब फक्त व्यासाचा आहे. टायरांचे वाढलेले वजन, त्यांच्या जाड नक्षीचा रस्त्यावरचा ओढ, उंच झालेल्या गाडीला वाऱ्याचा जास्त होणारा विरोध आणि ट्रेलर, यांपैकी काहीही त्यात धरलेले नाही. म्हणून मी एक पायरी पुढे जाऊन ४.५६ निवडले. मोठ्या टायरांसह त्याचा परिणाम मूळ मापाच्या टायरांवरच्या ४.१९ इतका होतो, आणि शंभराच्या वेगाला फेरे १९१५ च्या आसपास येतात.

हा निर्णय योग्य ठरला, असे आज मी ठामपणे म्हणू शकतो. गाडी सहावा गिअर धरून राहते, लहान चढ गिअर न बदलता पार करते, आणि ट्रेलर मागे असताना पाचव्यात स्थिर चालते. खडकाळ वाटेवर तर फरक आणखी ठळक जाणवतो. पहिला गिअर ४.१७, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो, म्हणजे संथ गिअर, २.६४ आणि अॅक्सल ३.७३ यांचा गुणाकार ४१ येत असे, तो आता ५० आहे. टायरांच्या वाढलेल्या व्यासाची वजावट केली तरीही तो ४६ उरतो, त्यामुळे उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी पावलापावलाने खाली येते. ज्यांची गाडी बहुतेक वेळ रिकामी आणि सपाट महामार्गावर धावते त्यांना मात्र ४.१० पुरेल. आठ किंवा दहा गिअरच्या गाड्यांनाही एवढे खोल, म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्याच्या गुणोत्तरापर्यंत, जाण्याची गरज सहसा पडत नाही, कारण त्यांच्या खालच्या गिअरांमध्येच पुष्कळ खोली असते आणि दोन गिअरांमधले अंतरही कमी असते.

खोल गुणोत्तराची एक बाजू दुकानदार फारशी सांगत नाहीत. माझ्या अॅक्सलच्या क्राऊनला ४१ दात आहेत. पिनियनला ११ दात असले की ३.७३ मिळते, १० असले की ४.१० आणि ९ असले की ४.५६. क्राऊनचा व्यास हाउसिंगच्या (गिअरांभोवतीच्या कवचाच्या) मापाने ठरलेला असल्यामुळे गुणोत्तर वाढवायचे म्हणजे पिनियन लहान करायचे, आणि लहान पिनियनवर एका वेळी कमी दात भार घेतात. म्हणून टायरच्या आणखी मोठ्या मापाकडे जाणाऱ्यांनी गुणोत्तराआधी अॅक्सलच्या आकाराचा विचार करावा. काही अॅक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तरापलीकडे गेल्यावर क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअरही बदलावा लागतो; मला त्याची गरज पडली नाही, पण ऑर्डर देण्यापूर्वी ही चौकशी करणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे: गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही अॅक्सल एकाच गुणोत्तराचे करावे लागतात. मागचेच बदलून ‘पुढचे नंतर पाहू’ म्हणणाऱ्याने त्या काळात फोर व्हील लावायचे नाही, कारण दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढतील आणि कुठेतरी काहीतरी तुटेल.

आता फिटिंगविषयी. जोडीच्या दर्जाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मशिनिंग स्वच्छ होते, क्राऊन आणि पिनियनवर जुळणारे क्रमांक कोरलेले होते आणि दात एकसारखे होते. तक्रार आहे ती पहिल्या गॅरेजच्या कामाबद्दल. गाडी ताब्यात घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी, ७० ते ८० किलोमीटरच्या वेगात अॅक्सलरेटरवरून पाय काढला की मागून बारीक, सलग रडल्यासारखा आवाज येऊ लागला. ‘नवे गिअर आहेत, बसले की आवाज जाईल’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर कोणीही स्वीकारू नये असे मला मनापासून वाटते. नीट बसवलेली जोडी पहिल्या किलोमीटरपासून शांत असते, आणि चुकीच्या जागी घासणारे दात वापराने सुधारत नाहीत, ते झिजतात.

मी गाडी दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. फक्त डिफरन्शिअलचीच कामे करणारे हे गृहस्थ बोलायला कमी आणि मोजायला फार काटेकोर आहेत. त्यांनी कव्हर उघडून क्राऊनच्या दातांना पिवळी खूण-पेस्ट लावली, क्राऊन हाताने अडवून धरत फिरवला आणि दातांवर उमटलेला ठसा मला दाखवला. तो दाताच्या मध्यावर असायला हवा होता, पण मुळाकडे सरकलेला होता. याचा अर्थ पिनियन जरुरीपेक्षा आत गेलेला होता. पहिल्या गॅरेजने जुन्या पिनियनखालचा शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) काढून तसाच नव्याखाली घातला होता आणि ठसा तपासलाच नव्हता. जुन्या शिमपासून सुरुवात करण्यात गैर काही नाही, मात्र ती सुरुवात असते. प्रत्येक पिनियन किंचित वेगळा असतो आणि योग्य खोली कोणती ते ठसाच सांगतो. ०.०५ मिलिमीटरने पातळ शिम घातल्यावर ठसा मध्यावर आला. एवढ्याशा फरकासाठी पिनियन पुन्हा बाहेर काढणे, बेअरिंग ओढून काढणे, नवा क्रश स्लीव्ह (बेअरिंगवरचा ताण ठरवणारी, दबणारी नळी) घालून बेअरिंगचा ताण पुन्हा मोजणे आणि क्राऊन-पिनियनमधला प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.२० मिलिमीटर येईपर्यंत दोन्ही बाजूंचे शिम बदलत राहणे, हे सगळे करावे लागले. दिवसभराचे काम झाले आणि आवाज पूर्णपणे गेला. तेव्हापासून कोणी विचारले तर मी एकच सांगतो: गॅरेज निवडताना त्यांच्याकडे ठशाचे फोटो आणि मोजमापांची नोंद मागावी, आणि ती द्यायला जे कचरतील त्यांच्याकडे गाडी उघडू नये.

नवी जोडी बसल्यानंतरचे पहिले दिवस संयमाचे असतात. पहिल्या फेरीत मी पंचवीस किलोमीटर संथ चालवून गाडी पूर्ण थंड होईपर्यंत उभी ठेवली, हे तीन-चार वेळा केले, पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर जोडला नाही आणि त्यानंतर दोन्ही अॅक्सलचे ऑइल बदलले. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक धातूची चमक होती, जी नव्या जोडीत अपेक्षितच असते. कण किंवा तुकडे नव्हते. ऑइल जीएल-५ दर्जाचेच हवे, कारण या गिअरांचे दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि तो दाब साध्या ऑइलला सहन होत नाही.

वेगाच्या काट्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. फक्त टायर बदललेले असताना काटा शंभर दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०९ च्या वेगात असे, आणि हे माहीत नसणे धोक्याचे आहे. माझ्या गाडीच्या संगणकात टायरचा घेर आणि अॅक्सलचे गुणोत्तर, दोन्ही भरता येतात. घेर कागदी हिशेबाने २.७४ मीटर येतो, पण टायरवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरा पुढे ढकलली आणि टेपने मोजले तेव्हा तो २.६६ भरला, कारण वजनाखाली टायर दबतो. मोजलेलाच आकडा भरावा. त्यानंतर काटा जुळला आणि ऑटोमॅटिकचे गिअर बदलणेही सुरळीत झाले. याच कारणाने शंभराला फेऱ्यांचा काटा हिशेबातल्या १९१५ ऐवजी १९७० च्या जवळ दिसतो.

टायरांबद्दल समाधान आहे, परंतु ते सर्वांना सुचवणार नाही. चिखलात आणि सैल दगडांवर पकड उत्तम आहे, बाजूची भिंत जाड आहे आणि अजून एकही पंक्चर झालेले नाही. रस्त्यावर साठच्या पुढे घुमल्यासारखा आवाज सतत असतो. मूळ रिम साडेसात इंच रुंदीची होती आणि या टायरला किमान आठ इंच लागतात, म्हणून साडेआठची रिम घ्यावी लागली. गाडी पुढून ५० मिलिमीटर उंच केली, तरी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकामागच्या आतल्या अस्तराला घासत होता, ते कापावे लागले. ब्रेक दाबताना फरक स्पष्ट जाणवतो: चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे तेवढ्याच दाबात रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे आठ टक्क्यांनी कमी होतो, आणि जड चाके थांबवायची असतात ते वेगळेच. चांगले पॅड घातल्यावर परिस्थिती सुधारली, पण पुढच्या गाडीपासून मी आता जास्त अंतर ठेवतो. स्टेपनी हौद्याखालच्या जुन्या जागेत बसत नाही, ती हौद्यात ठेवावी लागते.

इंधनाची तुलना करताना किलोमीटरचा काटाही टायरांमुळे कमी मोजत असतो, हे लक्षात ठेवावे. ती दुरुस्ती करून माझे अॅव्हरेज मूळ अवस्थेत लिटरला ८.५ होते, टायरांनंतर ७.२ झाले आणि ४.५६ नंतर ७.४ आहे. गिअरांनी गेलेले इंधन परत दिले नाही, गाडीची ताकद परत दिली. ज्यांना तेवढ्या उंचीची निकड नाही त्यांनी २८५/७०आर१७ पाहावे: व्यास ८३१ मिलिमीटर, वाढ साडेतीन टक्के, आणि ३.७३ चे गुणोत्तर परिणामाने ३.६० वर थांबते. ट्रेलर ओढत नसाल तर गिअरांना हात न लावता ती गाडी सुखाने चालेल.

गेल्या आठवड्यात, अठरा हजार किलोमीटर पूर्ण झाल्यावर, मागचे कव्हर पुन्हा उघडले. ठसा मध्यावरच आहे, ऑइल स्वच्छ आहे आणि डायल गेजवर प्ले तोच, ०.२० मिलिमीटर.