गिलाव्याआधीचा आराखडा: घरातील लो-व्होल्टेज वायरिंगच्या सेवेबद्दल

नाशिकमधील आमच्या दुमजली घरासाठी इंटरनेट, सीसीटीव्ही आणि व्हिडिओ डोअर फोनचे वायरिंग आम्ही विजेच्या कंत्राटदाराकडे न देता केवळ हेच काम करणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाकडे सोपवले. गिलावा होण्यापूर्वी त्यांना बोलावल्याचा फार फायदा झाला.

पहिल्याच भेटीत त्यांनी फर्निचरचा नकाशा मागितला. टीव्ही कोणत्या भिंतीवर, अभ्यासाचे टेबल कोठे, वाय-फायचा सिग्नल पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट छताला कोणत्या जागी, हे ठरल्यावरच भिंतीत पाइपांसाठी पाडायच्या झिऱ्यांच्या खुणा केल्या. प्रत्येक पॉइंटची केबल स्वतंत्रपणे जिन्याखालच्या पेटीत आणली. एकच केबल खोलीखोलीतून पुढे नेण्याची टेलिफोनच्या काळातील पद्धत त्यांनी ठामपणे नाकारली, आणि ते योग्यच होते, कारण तशा रचनेत एक जोड बिघडला की पुढचे सगळे पॉइंट बंद पडतात. विजेच्या पाइपांपासून त्यांनी अंतर राखले आणि जेथे ओलांडणे भाग होते तेथे काटकोनातच ओलांडले.

केबलबाबतचा त्यांचा काटेकोरपणा मला सर्वाधिक भावला. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल बाजारात कॅट-६ (नेटवर्क केबलची एक प्रत) म्हणून स्वस्तात विकली जाते. तिचा रोध जास्त असल्याने ती अधिक तापते आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा विद्युतदाब (व्होल्टेज) पोहोचत नाही. त्यांनी नव्या खोक्यातील तार आमच्यासमोर पात्याने खरवडली आणि आतही तांबेच असल्याचे दाखवले. कॅट-६ केबल साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटचा वेग पेलते आणि आमच्या घरात एवढी लांबी कोठेच नाही, म्हणून महागड्या कॅट-६ए केबलचा आग्रह त्यांनी धरला नाही. भिंतीवरचे जॅक (केबल जोडण्याची खोबणी) बसवताना केबलमधील तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडला नाही, दोन्ही टोकांना क्रमांक लावले आणि झिऱ्या बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून प्रत्येक पाइपचे अंतर दिसेल अशी छायाचित्रे काढून दिली. पुढे पडदे बसवणाऱ्या कारागिराने ड्रिल मारण्यापूर्वी तीच पाहिली.

पेटीच्या बाबतीत मात्र नियोजन तोकडे पडले. राउटर, सगळ्या केबली जोडणारा नेटवर्क स्विच आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद लाकडी झडपेआड ठेवल्याने तापू लागले, आणि हवेसाठी जाळी नंतर कापावी लागली. पुढे लागणाऱ्या केबलींसाठी गच्चीपर्यंत रिकामा पाइपही त्यांनी स्वतःहून सुचवला नव्हता. आम्ही मागितल्यावर टाकला. ही सेवा मी निःसंकोच सुचवीन, पण या दोन गोष्टी काम सुरू होण्याआधीच आराखड्यात लिहून घ्याव्यात.