एम.ए. इंग्रजी, तीन सेमिस्टर वापरून: माल चांगला, पॅकिंग भिकार

गणेश चवथीच्या सुट्टीत कॉलेजची लायब्ररी बंद होती आणि माझ्याकडच्या पुस्तकाची परतीची तारीख नेमकी त्याच सुट्टीत पडली. उघडल्या दिवशी सकाळीच पुस्तक काउंटरवर ठेवलं, तर संगणकाने बंद दिवसांचाही दंड लावला. मी म्हटलं, दाराला कुलूप होतं, पुस्तक काय कौलं काढून आत टाकायचं होतं? उत्तर मिळालं, "मॅडम, दंड सिस्टीम घालते, आम्ही नाही." दंड नाही तर नो ड्यूज नाही, नो ड्यूज नाही तर हॉलतिकीट नाही. भरला. रक्कम किरकोळ होती, पण त्याच संध्याकाळी ठरवलं की या कोर्सबद्दल एकदा सगळं लिहून काढायचं. कॉलेजचं नाव घेत नाही, अजून एक सेमिस्टर तिथेच काढायचंय.

पेपर किती, क्रेडिट किती हे प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, तिथे बघा. मी डिचोलीची. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे गोव्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांसारखीच. सकाळी लेक्चर, संध्याकाळी पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर. साहित्याबरोबर माध्यमं आणि संस्कृतीचे पेपर आहेत म्हणून हा कोर्स घेतला. खरं सांगायचं तर नुसत्या कवितांसाठी मी फी भरली नसती.

आता मुख्य तक्रार. साहित्य-सिद्धांताच्या पेपरला पुस्तकं नसतात, 'रीडिंग्ज' असतात. रीडिंग्ज म्हणजे कुणीतरी कधीतरी जाड पुस्तक काचेवर नीट न दाबता केलेलं स्कॅन. डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवट आणि उजव्या पानावरच्या प्रत्येक ओळीची सुरुवात शिवणीत गडप. तीच फाइल वर्षानुवर्षं व्हॉट्सॅपवर फिरतेय, कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या पिवळ्या रेघांसकट. बरं, ही सिद्धांतवाली मंडळी लिहितात सात-आठ ओळींचं एकेक वाक्य. त्यात एखादा नकार शिवणीत गेला की सिद्धांत उलटा होतो. आमच्या वर्गात दोघांनी एकाच लेखावर प्रेझेंटेशन दिलं आणि दोघांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध निघाले. सरांनी दोघांनाही 'इंटरेस्टिंग' म्हटलं. डेस्कवर अशी कॉपी आली तर मी वार्ताहराला परत पाठवते. इथे त्यावर परीक्षा असते.

शेवटी मूळ पुस्तक दोन दिवसांसाठी मिळवलं आणि एक प्रकरण झेरॉक्सला दिलं, तर झेरॉक्सवाल्याने 'कॉपीराइट आहे' म्हणत हात वर केले. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर खटला भरला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांविरुद्ध निकाल दिला: शिकवण्यासाठी लागणाऱ्या पानांच्या प्रती काढायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ती बातमी मी मोबाइलवर दाखवली. दुकानवाल्या भाईंनी काही ती वाचली नाही, पण झेरॉक्सवाला जिंकला एवढं त्यांना पुरलं. तेव्हापासून मला शिवण नीट उघडून प्रती मिळतात.

खर्चाचा हिशोब कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राखीव असतात. म्हणजे शेक्सपिअर, मिल्टन, डिकन्स फुकट. व्हर्जिनिया वूल्फ १९४१ साली गेल्या, ऑर्वेल १९५० साली, तेही फुकट. टी. एस. एलियट १९६५ च्या जानेवारीत गेले, त्यांच्यासाठी २०२६ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. पण माध्यमांच्या पेपरातला रेमंड विल्यम्स १९८८ साली गेला आणि स्टुअर्ट हॉल २०१४ साली. त्यांच्यासाठी थांबायचं तर माझी नात एम.ए. करील. थोडक्यात, जितका पेपर नवा तितका खिसा हलका. पहिल्या सेमिस्टरला मी जवळपास काहीच खर्च केला नाही आणि वाटलं, कोर्स स्वस्तात पडला. दुसऱ्या सेमिस्टरच्या यादीने ते वाटणं उतरवलं.

आणि त्याच दुसऱ्या सेमिस्टरमुळे माझं मत बदललं. तोवर मी डेस्कवर सगळ्यांना सांगत होते, घेऊ नका, नुसते मोठे शब्द आहेत. मग हॉल आला. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, पुढे जमैकात जन्मलेल्या हॉलने ते नावारूपाला आणलं आणि २००२ साली विद्यापीठाने ते चक्क बंद केलं. हॉलचा १९७३ चा एक निबंध आहे. बातमी बनवणारा तिच्यात एक अर्थ भरतो, पण घेणारा तो तसाच घेईल असं नाही. कुणी मान्य करतो, कुणी उडवून लावतो, आणि बरेचजण अर्धं घेतात, अर्धं सोडतात.

हे मी घरी रोज बघते. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ साली परत बंद. डिचोलीत ज्याच्या दारात ट्रक उभा राहिला त्याने ती बातमी कशी वाचली असेल? आमची आई पेपरातला धुळीचा मजकूर मान्य करते, कारण कपडे तीच वाळत घालायची. पण 'स्थानिकांना दिलासा' हा मथळा दिसला की म्हणते, "हे स्थानिक खंयचे, पणजेचे?" मामाचे ट्रक होते. हॉलचा तो अर्धं घेणारा, अर्धं सोडणारा वाचक म्हणजे आमची आई, फक्त तिने त्यासाठी फी भरलेली नाही. त्यानंतर रात्री अकराला एजन्सीची इंग्रजी कॉपी मराठीत करताना माझं लक्ष मी काय कापते इकडे जायला लागलं. पूर्वी जागा भरली की संपलं असायचं. आता मी उशिरा सुटते आणि रात्रपाळीचे प्रमुख वैतागतात.

अभ्यासक्रमाबद्दल एक मोठी कुरकुर आहे, आणि ती या एका कॉलेजपुरती नाही. वासाहतिक शिक्षणाचा विषय निघाला की हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणारं मेकॉलेचं १८३५ चं टिपण येतं. अभ्यासक गौरी विश्वनाथन यांनी दाखवून दिलंय की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानातल्या कॉलेजांत रुजला. छान. पण आमच्याकडे मेकॉलेचं राज्य होतं कधी? १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीज. इंग्रजी आली ती मुंबईच्या नोकरीसाठी. इथली कला-शास्त्राची पहिली कॉलेजं, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, १९६२ ची, आणि तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोवा विद्यापीठ १९८५ चं. एवढा वेगळा रस्ता असताना आम्ही उत्तरपत्रिकेत कलकत्त्याचा इतिहास आपला म्हणून लिहितो.

याहून गंमत थॉमस स्टीफन्सची. विल्टशायरचा इंग्रज जेझुइट पाद्री, १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिलं. देवनागरी टाइप नव्हता, म्हणून रोमी लिपीत ते १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. शेक्सपिअर वारला ते वर्षही तेच. सोळाव्या-सतराव्या शतकाचा आख्खा पेपर झाला, या माणसाचा उल्लेख नाही. मी वर्गात विषय काढला तर सर म्हणाले, "ते मराठी विभागाचं." मराठी विभागात गेले तर तिथे चौकशी झाली, "तुम्ही इंग्रजीच्या ना?"

बाकी भराभर. इफ्फी चित्रपट महोत्सवाला विद्यार्थी म्हणून पास मिळतो, हजेरी मात्र मिळत नाही. परीक्षेत गाइड वाचून पास होता येतं, हे खरं आहे. तियात्र या इथल्या कोंकणी नाट्यप्रकारावर एकच लेक्चर, दशावतारावर तेही नाही.

शोधनिबंधासाठी मी 'ओ हेराल्दो' घेतलाय: १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून निघाला, १९८३ साली इंग्रजी झाला. जुन्या अंकांसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसते. १८३२ पासूनची संस्था, बसस्टँडपासून चालत जाण्याजोगी, आणि तिथले कर्मचारी काय हवं ते विचारून शोधून देतात.

नव्यांना एकच सांगणं, जुन्यांकडून फाइली घेऊ नका. आम्ही पाचजणींनी वर्गणी काढून सिद्धांताच्या संग्रहाची एक सेकंडहँड प्रत मागवली. समासात पेन्सिलच्या खुणा आहेत, पण सगळ्या ओळी पूर्ण आहेत. कोर्स संपल्यावर ती कुणाकडे राहणार यावरून मात्र आत्तापासूनच कुरबुर सुरू झालीय. फोंड्याच्या मुलीचं म्हणणं, तिने वीस रुपये जास्त घातले होते.