जीटीएक्स १६५० वर पझल ७१: देवगडातल्या आठ महिन्यांचा अनुभव

ऑगस्टमधल्या एका रात्री आमच्याकडे अकरा वेळा वीज गेली. माडाच्या झावळ्या पत्र्यावर आपटत होत्या आणि मी टॉर्चच्या उजेडात वहीत रेघा मारत बसलो होतो. वीज आली की पीसी आपोआप चालू व्हावा असं बायोसमध्ये लावून ठेवलंय, स्टार्टअपला बॅच फाईल आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी बिटक्रॅक, म्हणजे बिटकॉइनच्या की (पैसे उघडणारे गुप्त आकडे) एकेक करून तपासणारा प्रोग्रॅम, स्वतःहून उठत होतं. सकाळी बघितलं तर अकराही वेळा ते जिथे थांबलं होतं जवळजवळ तिथूनच पुढे गेलेलं. दर खेपेला वाया गेलं ते फार तर एका मिनिटाचं काम.

कोडं असं: २०१५ मध्ये कोणीतरी नंबर लावलेल्या बिटकॉइन पत्त्यांवर पैसे ठेवले; ज्याला पत्त्याची की सापडेल त्याचे ते पैसे. मी ७१ नंबरच्या मागे आहे. आणि वीज गेल्यावर काम जिथल्या तिथून पुढे जातं ते एका फाईलमुळे, म्हणून आधी त्या फाईलबद्दल लिहितो. स्पीडचे आकडे तुम्हाला कुठेही मिळतील, या फाईलबद्दल कोणी बोलत नाही. बिटक्रॅकला ‘कंटिन्यू’ हा पर्याय देऊन फाईलचं नाव दिलं, की दर साठ सेकंदांनी ते आपला ठावठिकाणा त्यात लिहून ठेवतं. पर्याय दिला नाही तर काहीच साठत नाही; मी पहिले चार दिवस असेच घालवले. फाईल नोटपॅडमध्ये उघडते. सुरुवात कुठून, शेवट कुठे, ब्लॉक किती, थ्रेड किती (कार्डाला काम वाटून द्यायचे आकडे) आणि मधे ‘नेक्स्ट’ची ओळ, म्हणजे आता पुढची की कुठली. ती ओळ मी रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, वहीत उतरवतो. सप्टेंबरात एकदा नेमकी फाईल लिहिली जात असताना वीज गेली आणि ती शून्य केबीची झाली. वही होती म्हणून निभावलं: आदल्या संध्याकाळचा आकडा हाताने टाकला आणि काम पुढे चालू. त्या दिवसापासून बॅच फाईल सुरू होताना आधी जुन्या फाईलची प्रत पेन ड्राईव्हवर टाकते. कोकणात राहून कोणी हे करणार असेल तर ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ हे नंतर विचारा, आधी ही सोय करा.

आता कार्ड. पीसी मुळात आंब्याच्या सीझनसाठी घेतलेला. पेट्यांची बिलं, कुरिअरची लेबलं. भाच्याच्या हट्टापायी त्यात जीटीएक्स १६५० बसवलं होतं. २०२५ मध्ये ६९ नंबर सुटला, ७० तर आधीच सुटलेला, आणि क्रमाने पुढे ७१ उभा राहिला. बक्षीस ७.१ बिटकॉइन. २०२३ मध्ये सगळी उरलेली बक्षिसं दहापट केली गेली, नाहीतर हेच ०.७१ असतं. जूनमध्ये मी सुरू केलं. माझ्या कार्डावर बिटक्रॅक सेकंदाला सुमारे १५ कोटी की तपासतं. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो आणि पहिला महिनाभर मलाही तसाच वाटला.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला आणि कार्डाचा पंखा घरघरायला लागला. आई पहाटे उठून म्हणाली, “रातभर ह्यां काय घुमता रे?” दोन दिवसांनी आवाजच बंद झाला आणि तापमान ९० च्या पुढे. उघडून बघितलं तर पंख्याच्या बेअरिंगपाशी हिरवट-पांढरा थर, स्क्रू लाल. खाडीकडून येणारा खारा वारा दुसरं काय करणार. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कार्ड पाठवलं. बारा दिवसांनी उत्तर आलं: गंज आहे, वापरातला दोष, वॉरंटी लागू नाही. मी तीनदा फोन केला. समुद्रकिनारी राहणाऱ्या माणसाला तुम्ही कार्ड विकता, बिलावर देवगडचा पत्ता लिहिता आणि हवेला दोष म्हणता, हे मला अजिबात पटलेलं नाही. वरून परतीच्या कुरिअरचे पैसे माझ्याकडूनच. शेवटी कणकवलीच्या एका रिपेअरवाल्याने ६५० रुपयांत पंखा बदलून दिला आणि वर सांगितलं, की महिन्यातून एकदा ब्रशने झाडा आणि पीसी खिडकीपासून लांब ठेवा. एकोणीस दिवस काम बंद होतं. फाईल तशीच वाट बघत होती.

त्या एकोणीस दिवसांत मी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला, आणि इथे माझं मत बदललं.

या कोड्यात प्रत्येक नंबराला शोधायची जागा, म्हणजे तपासायच्या कींची संख्या, दुप्पट होते. म्हणजे दहा नंबर पुढे गेलात की १०२४ पट. माझ्या कार्डाला ३० नंबरची सगळी जागा चाळायला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत. ४० नंबरला तासभर. ५० ला त्रेचाळीस दिवस. ६० ला सुमारे १२० वर्षं. आणि ७१ ला अडीच लाख वर्षं. रोज सरासरी अठरा तास असं आठ महिने चालवलं, तर ७१ च्या जागेचा साधारण पाच लाखावा भाग बघून होतो. बंद असलेले दिवस वजा केले तर त्याहून कमी.

आता पैशांचं. घराचं बिल आधी ७४० रुपयांच्या आसपास यायचं, नंतर १,८६० वर गेलं. पूर्ण पीसी भिंतीपाशी १३० वॉट घेतो, महिन्याला सत्तर ते नव्वद युनिट वाढतात, आणि खरा फटका असा की आपण शंभर युनिटांचा टप्पा ओलांडून वरच्या दरात जातो. आठ महिने धरले तर ९,००० रुपयांच्या आसपास. बक्षीस सहा कोटींचं धरलं आणि मिळायची शक्यता पाच लाखांत एक, तर हातात १२० रुपयांची किंमत येते. नऊ हजार देऊन एकशेवीस. कलमांना खत घालताना मी दहा रुपयांचा हिशेब करतो, आणि इथे इतके महिने केला नाही याचा मला मनापासून त्रास झाला.

पॅटर्न शोधून वाट जवळची होईल असं मलाही वाटत होतं. पहिल्या की बघा: १, ३, ७. पुढची १५ असणार असं वाटतं, आणि निघते ८. मग २१, ४९, ७६, २२४. मी दोन आठवडे यावर घालवले. ज्याने २०१५ मध्ये हे कोडं ठेवलं त्यानेच २०१७ मध्ये सांगितलंय की यात पॅटर्न नाही. वॉलेटमधल्या ओळीने आलेल्या की घेतल्या आणि अवघडपणा ठरवायला सुरुवातीचे आकडे शून्य केले, एवढंच. पॅटर्न विकणारे जे भेटतात त्यांना पैसे देऊ नका. आणि कोणाकडूनही आलेलं ‘सुधारित’ बिटक्रॅक चालवू नका. सापडलेली की ते आधी कोणाला पाठवेल हे तुम्हाला दिसणार नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ७० आधी कसा सुटला? २०१९ मध्ये निर्मात्याने ६५, ७०, ७५ असे पाच-पाचच्या अंतराने १६० पर्यंतचे पत्ते घेऊन प्रत्येकातून हजार सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) बाहेर पाठवले, आणि त्यामुळे त्यांच्या पब्लिक की, म्हणजे गुप्त कीवरून निघणारे जोडीचे आकडे, उघड झाल्या. पब्लिक की माहीत असली की एकेक की तपासायची गरज नाही, कांगारू पद्धतीने जागेच्या वर्गमुळाएवढ्या उड्यांत काम होतं. मी सरावाला ७० नंबर माझ्याच कार्डावर कांगारूने सोडवला. चहा उकळेपर्यंत झाला. तोच पत्त्यावरून शोधायला गेलो असतो तर लाखभर वर्षं. ७१ ची पब्लिक की उघड नाही, म्हणून तो असा अडून बसलाय.

आणि याचीच दुसरी बाजू भीतीदायक आहे. समजा उद्या की सापडली आणि तुम्ही नेहमीसारखा व्यवहार पाठवलात. त्या क्षणी पब्लिक की जगाला दिसते. व्यवहार पक्का करणारा ब्लॉक यायला सरासरी दहा मिनिटं लागतात, चांगल्या कार्डांना कांगारूने की काढायला मिनिटभर पुरतं, आणि जास्त फी देऊन तोच पैसा दुसरीकडे वळवता येतो. २०२४ च्या सप्टेंबरात ६६ सुटला तेव्हा हेच घडलं असं नोंदींवरून दिसतं. ज्याने कष्ट केले त्याच्या हातून ६.६ बिटकॉइन गेले. हे वाचून मी जेवलो नाही त्या रात्री. उपाय एकच, व्यवहार उघड्यावर न सोडता थेट खाणवाल्याकडे, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याकडे, द्यायचा. मॅरा या खाणकाम करणाऱ्या कंपनीची ‘स्लिपस्ट्रीम’ ही सोय त्यासाठी वापरता येते. सुरू करण्याआधी हे वाचून ठेवा. सापडल्यावर वाचायला वेळ नसेल.

मग आठ महिने फुकट गेले का? नोव्हेंबरात, कार्ड परत आल्यावर, मी ५० नंबर सुरुवातीपासून लावला. तो कधीच सुटलेला आहे, त्यात पैसा नाही. पण उत्तर न बघता, आपल्या हाताने काढायचा होता. पूर्ण जागा त्रेचाळीस दिवसांची, आणि की बसली होती सुरुवातीच्या नऊ टक्क्यांच्या आत. कार्डाचे ८९ तास. मधे सात वेळा वीज गेली, सातही वेळा फाईलने पुढे नेलं. सहाव्या दिवशी दुपारी स्क्रीनवर ओळ आली, २२बीडी४३ ने सुरू होणारी. भाचा शाळेतून आला होता, त्याला खुर्चीवर बसवून सगळी ओळ मोठ्याने वाचायला लावली. मी वहीतून ताळा केला. एकेक अक्षर बरोबर.

त्या दिवसानंतर ७१ फक्त शनिवारी-रविवारी रात्री चालतो. बिल पुन्हा शंभर युनिटांच्या आत आलंय. हातात वीसेक मोठी कार्डं आणि स्वस्त वीज असेल त्यानेच ७१ गंभीरपणे घ्यावा. आपल्यासारख्याने ४० आणि ५० करावेत, कांगारूने ७० करावा. बाकी वीज फुकट जाळू नये. मार्चपासून पीसी लेबलांना लागेल, तेव्हा कार्ड काढून तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या फडताळात ठेवणार आहे. फाईल पेन ड्राईव्हवर आहे, ‘नेक्स्ट’चा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर.