उगाळला तर करडा निघाला

कोळशात फसवणारा माणूस वजनात मारतोच असं नाही. आमचं वजन चोख होतं. काट्याची चिठ्ठी होती, पावतीवर तोच आकडा होता. पण त्या वजनात कोळसा किती, पाणी किती आणि दगड किती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि त्याची सगळी कमाई तिथेच होती. भट्टी धड पेटेना म्हणून विचारलं, तर दोष आधी आमच्या भट्टीवर, मग धुराड्यावर आणि शेवटी आमच्या हातांवर ढकलला गेला. वर जो सल्ला मिळाला तो जिवावर बेतणारा होता. कोळशाच्या भट्टीवर घर गरम ठेवणाऱ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमची भट्टी तळघरात आहे, हाताने कोळसा घालायची. तिला अँथ्रासाइट लागतो, म्हणजे सगळ्यात कठीण, चकाकणारा दगडी कोळसा. राख आणि पाणी वगळून मोजलं तर त्यात ८६ टक्क्यांहून जास्त निव्वळ कार्बन असतो, वायू होऊन उडून जाणारा भाग अगदी थोडा. त्यामुळे तो पेटायला हट्टी, पण एकदा धरला की रात्रभर निमूट जळतो आणि धूर जवळजवळ नाही. बिट्युमिनस कोळशाचं सगळं उलट: चटकन पेटतो, लांब पिवळी ज्वाळा, काळा धूर, हात लावला की बोटं काळी. लिग्नाइट तर तपकिरीच असतो आणि त्यात तिसरा हिस्सा नुसतं पाणी असू शकतं. ही तिन्ही पोती शेजारी शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक ओळखेल. एकत्र मिसळून, पाणी मारून, अंधारात ओतली तर कुणालाही ओळखता येणार नाहीत.

नेहमीच्या पुरवठादाराने धंदा बंद केला होता. नव्या पुरवठादाराने आपणहून नमुन्याची बादली घरी आणून दिली. माल उत्तम होता. फोडला की काचेसारखा तुटायचा, हाताला डाग नाही, भट्टीत घातला तर छोट्या निळ्या ज्योती. तो जाळून पाहिला आणि मगच मागणी नोंदवली. माल यायला मात्र उशीर होत गेला. आज येतो, उद्या येतो, रस्ता खराब आहे, आणि थंडीची लाट अगदी दारात आली तेव्हा संध्याकाळ उलटून गेल्यावर ट्रक आला. कोळशाच्या खोलीत ओतून झाल्यावर बॅटरी मारून पाहिलं तर वर तोच चकाकणारा माल. नंतर लक्षात आलं की ट्रक मागून रिकामा होतो, म्हणजे पुढच्या भागात भरलेला माल सगळ्यात शेवटी पडतो आणि ढिगाच्या माथ्यावर बसतो. चांगला कोळसा कुठे भरायचा हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. उशीरही मला आता सहज झालेला वाटत नाही. घर गार पडत असताना आलेला ट्रक परत पाठवायची हिंमत कोण करेल?

पहिली शंका भिंतीने दिली. कोळशाच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही दरवर्षी ढीग कुठवर आला याची खडूने रेघ मारतो, वर्ष लिहितो. यंदा वजन नेहमीइतकंच, आणि ढीग मात्र गेल्या वर्षीच्या रेघेच्या चांगला वीतभर खाली. हाताने भट्टीत घालायच्या आकाराचा अँथ्रासाइट टनाला साधारण सव्वा घनमीटरच्या आत-बाहेर जागा घेतो. तेवढ्याच वजनाचा ढीग बुटका दिसला, तर खड्यांच्या मधल्या फटी कशाने तरी भरल्या आहेत, किंवा खडेच कोळशाहून जड आहेत. आमच्याकडे दोन्ही होतं. खडू फुकट असतो, ही रेघ मारायची सवय लावून घ्या.

वरचा थर संपला आणि पारा उणे २५च्या खाली गेला, तेव्हा फावडं ढिगात शिरेना. खालचा कोळसा गोठून एकसंध झाला होता. कुदळीने फोडला तर खड्यांच्या मध्ये बर्फ, काही ठिकाणी बोटाएवढा जाड. कोरडा कोळसा कितीही थंडीत असा गोठत नाही, गोठतं ते पाणी. एक बादली भट्टीजवळ ठेवून दिली तर सकाळी तळाशी काळं पाणी साचलेलं. मग ढिगाच्या वेगवेगळ्या खोलीतून थोडा थोडा घेऊन १० किलो वजन केलं, पसरून पूर्ण वाळवलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. साडेआठ किलो.

इथे विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. अँथ्रासाइट खाणीवर धुतला जातो, धूळ उडू नये म्हणून वाहतुकीआधी त्यावर पाणीही मारतात. थोडा ओलावा म्हणजे लबाडी नव्हे. पण टनामागे १५० किलो पाणी हे धूळ दाबायला लागत नाही.

ओला कोळसा नीट जळत नाही म्हणून लोक कुरकुरतात, पण खरा हिशोब वेगळाच आहे. १ किलो गोठलेल्या पाण्याची वाफ करायला साधारण ३ मेगाजूल उष्णता जाते. चांगला अँथ्रासाइट किलोला ३०च्या आसपास देतो. म्हणजे १५० किलो पाणी उडवायला १५ किलो कोळसा खर्ची पडतो. हे नुकसान आहेच, पण मुळात जो १५० किलो कोळसा आलाच नाही त्याचं काय? भट्टीतली धुसफूस डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्याशी भांडत बसतो, आणि मोठी चोरी कोरड्या बादलीच्या वजनात लपून राहते.

दगडाची गोष्ट शेजारच्या आजोबांमुळे कळली. त्यांचं आयुष्य कोळशाच्या भट्ट्यांवर गेलंय. त्यांनी ढिगातून दोन खडे उचलले, दोन्ही काळे, दोन्ही सारख्याच मापाचे, आणि माझ्या दोन तळहातांवर ठेवले. एक उघड जड होता. थरांच्या दगडाची घनता कोळशाच्या जवळजवळ पावणेदोन पट असते, त्यामुळे हाताला लगेच कळतं. मग त्यांनी एक जुनी फरशी उलटी केली आणि तिच्या खरखरीत पाठीवर दोन्ही घासले. एकाची रेघ काळीभोर, दुसऱ्याची करडी, जवळजवळ पांढुरकी. कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात. आमचा उगाळला तर करडा निघाला, कारण तो कोळसा नव्हताच. वरून कोळशाच्या ओल्या भुकटीचं लिंपण बसलेला दगड होता. थोडा दगड प्रत्येक मालात येतो, कोळशाच्या थरातच तो असतो. पण आमच्या ढिगात घमेल्यागणिक मूठभर चपटे खडे सापडत होते.

आणि भुकटी. आमच्या जाळीला २० ते ४० मिलिमीटरचे खडे लागतात. हवा खालून, खड्यांच्या फटींतून वर जाते, तेव्हाच अँथ्रासाइट जळतो. या मालात तळाशी इतका चुरा होता की हवेची वाटच बंद व्हायची. वर काळा थर, मध्ये कुठेतरी लाल, उष्णता नाही. त्यात बिट्युमिनसची भेसळ. तो पेटला की पिवळी ज्वाळा उठायची, काचेवर काजळी, आणि एकदा नवा कोळसा घालून दार लावल्यावर आत जमलेला वायू एकदम पेटून असा दणका बसला की नळीच्या सांध्यातून राख बाहेर आली. अशा कोळशाने सगळा निखारा कधीच झाकायचा नसतो, एका बाजूला लाल भाग उघडा ठेवावा लागतो, म्हणजे सुटणारा वायू लगेच जळून जातो. शुद्ध अँथ्रासाइटवर हा प्रश्न क्वचितच येतो, म्हणून तो जाळणाऱ्याला ही सवय नसते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. हात काळे होतात? ओला आहे म्हणून. पेटत नाही? सळईने वरून ढवळा. अँथ्रासाइट वरून ढवळला की आग मरते आणि राख वितळून तिचे घट्ट गोळे बनतात, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. मग म्हणाला, तुमचं धुराडं ओढत नाही, अशा थंडीत असंच होतं. हे धडधडीत खोटं. धुराड्याची ओढ आतल्या गरम वायूत आणि बाहेरच्या हवेत तापमानाचा जितका फरक तितकी वाढते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती सगळ्यात जोरदार असते. शेवटी त्याने सांगितलं की रात्री धुराच्या नळीतली झडप पूर्ण बंद करा, उष्णता घरातच राहील, कोळसाही पुरेल.

माझ्या नवऱ्याने झडप निम्मीच ओढली होती, तरी मध्यरात्री वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. उणे २५मध्ये सगळ्या खिडक्या उघडून, मुलांना रजयांत गुंडाळून आम्ही शेजारी गेलो. नवऱ्याचं डोकं ठणकत होतं, त्याला वाटत होतं झोप पुरी झाली नाही म्हणून. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. निखाऱ्यावर नाचणाऱ्या निळ्या ज्योती म्हणजे हाच वायू जळत असतो. त्या दिसत असतील तर ठीक. भुकटीखाली निखारा गुदमरला की ज्योती विझतात आणि वायू न जळताच वर निघतो. धुराड्याची वाट मोकळी असेल तर बाहेर जातो, झडप ओढलेली असेल तर घरात. अलार्म नसता तर हा अनुभव लिहायला मी नसते, इतकं साधं आहे ते. झोपायच्या प्रत्येक मजल्यावर एक अलार्म हवाच.

इंधन बदललं की जुन्या सवयी किती महाग पडतात याचं मोठं उदाहरण मंगोलियाचं. उलानबातरमध्ये मे २०१९ पासून कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि घरोघरी कोळशाच्या विटा आल्या. पुढच्या थंडीच्या तोंडावरच कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. तिथे माल उघडपणे बदलला होता. आमच्याकडे तो न सांगता बदलला होता.

दुसऱ्या दिवशी ज्याचा कोळशाच्या विक्रीशी काही संबंध नाही असा मेकॅनिक बोलावला. त्याने नळीला भोक पाडून दाबमापक लावला. ओढ उत्तम. भट्टी ठीक, जाळी ठीक. त्याने एवढंच सांगितलं की कोळसा मोजून जाळा आणि राख मोजा. मी २० किलो जाळला. चांगल्या अँथ्रासाइटची राख दहा टक्क्यांच्या आसपास, थोडा न जळलेला भाग धरला तरी तीन किलोच्या आत यायला हवी होती. आली सहा किलोंहून जास्त, आणि त्यात ते चपटे खडे आपला आकार जसाच्या तसा राखून, भाजून गुलाबी-पांढरे होऊन पडलेले. ट्रेसकट फोटो काढला. पुढच्या सगळ्या वादात तेवढाच पुरावा कामी आला.

फोटो पाठवल्यावर विक्रेता म्हणाला, माल परत घेतो, तुम्ही भरून आणून द्या. गोठलेला ढीग कुदळीने फोडायचा, पोत्यांत भरायचा, तोवर घर कशावर गरम ठेवायचं? अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि हे तो जाणून होता. टंचाईत रद्दी माल बाहेर काढणं नवं नाही म्हणा. ब्रिटनमध्ये कोळसा रेशनवर असताना १९५२च्या डिसेंबरात खुद्द सरकारने हलका, चुऱ्याचा कोळसा विनारेशन विकायला मोकळा केला होता. पण तो चुरा म्हणूनच विकला, अँथ्रासाइट म्हणून नव्हे.

उरलेला ढीग आम्ही असा संपवला: रोज पुढच्या दिवसापुरता कोळसा भट्टीच्या खोलीत पसरून वाळवायचा, चाळणीने चुरा काढून टाकायचा, दगड हाताने वेचायचे, आणि आजोबांकडून आणलेल्या चांगल्या कोळशात मिसळून घालायचा. राखेचा ट्रे एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा रिकामा करावा लागला, कारण राख जाळीला टेकली की खालची थंड हवा तुटते आणि जाळी वाकते. नळीतली काजळीही मध्येच एकदा साफ करून घेतली.

वजनमापाच्या कचेरीत तक्रार दिली. त्यांनी चिठ्ठी तपासली, वजन बरोबर निघालं, फाइल बंद. पावतीवर नुसतं 'कोळसा' लिहिलेलं होतं आणि आलेल्या ढिगात कोळसा होताही, त्यामुळे मालाच्या दर्जावर बोलायला कागदावर काहीच नव्हतं. म्हणून पुढच्या खरेदीला पावतीवर चार गोष्टी लिहून मागितल्या: कोळशाची जात, खड्यांचा आकार, राख जास्तीत जास्त किती टक्के, ओलावा जास्तीत जास्त किती टक्के. माल उन्हाळ्यात, दिवसाउजेडी उतरवायचा, आणि ढिगाच्या तळातली बादली वाळवून, जाळून, राख मोजून झाल्यावरच शेवटचे पैसे द्यायचे, हीही अट घातली. आधी ज्यांना विचारलं त्यांनी 'असं कोणी लिहून देत नाही' म्हणून फोन ठेवला. ज्याने लिहून दिलं, त्याच्याकडून घेतला.