नातीसाठी काय घ्यायचं: स्क्रॅच, मायक्रोबिट की अर्डुइनो?

शेजारचे काका परवा संध्याकाळी आले ते कोडिंग क्लासची जाहिरात हातात घेऊनच. नात सहावीत, काका नुकतेच निवृत्त, आणि दोघांना मिळून काहीतरी शिकायचंय. मी म्हटलं, क्लासचं नंतर बघू. आधी सांगा, शिकायचं पडद्यावर की टेबलावर?

पडद्यावरचं म्हणजे स्क्रॅच, मुलांसाठीची कोडिंगची भाषा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आजही फुकट आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की मांजर चालायला लागतं. एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं, जुना लॅपटॉप पुरतो. मोबाइलवर मात्र प्रोजेक्ट बनवता येत नाही, आणि लॅपटॉप नसलेल्या घरात गाडी तिथेच अडते. पोरांना गोष्टी सांगायला, गेम बनवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण घरातला दिवा एकट्या स्क्रॅचने लागत नाही.

दिवा लावायचा तर बोर्ड हवा, म्हणजे आपला प्रोग्रॅम चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना सुमारे दहा लाख बोर्ड फुकट वाटले, तो मायक्रोबिट. काड्यापेटीएवढा जीव, पण त्यावर २५ छोटे दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र बसवलेलंच येतं. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आले. ठोकळे जोडायचे, यूएसबीने प्रोग्रॅम बोर्डावर टाकायचा, आणि बसल्या बैठकीत पावलं मोजणारं यंत्र तयार. यूएसबीची सोडली तर एकही वायर जोडावी लागत नाही.

अर्डुइनो हाही बोर्डच, पण याच्या अगदी उलट. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात सुरू झालेलं हे काम. आराखडा खुला असल्यामुळे त्याच्या नकला राजरोस बनतात आणि मायक्रोबिटपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर बोर्ड, वायरी नुसत्या खोचून जोडायची पाटी म्हणजे ब्रेडबोर्ड, वायरी सगळं हाताळून घेता येतं. पण उनो या अर्डुइनोच्या नेहमीच्या बोर्डावर सेन्सर एकही नाही. सगळं आपण जोडायचं, आणि प्रोग्रॅम सी++ च्या वळणाचा, टाइप करून लिहायचा. एक अर्धविराम राहिला की तो अडून बसतो. मी पहिल्याच दिवशी विजेला आवर घालणारा रेझिस्टर न लावता एलईडी जोडला होता. तो क्षणभर झकास पेटला.

एक खाचखळगा दुकानात कोणी आपणहून सांगेलच असं नाही. मायक्रोबिट ३ व्होल्टवर चालतो, उनो ५ वर. गल्लीतले बरेच स्वस्त सेन्सर ५ व्होल्टचे. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ त्यातलाच. तो मायक्रोबिटला थेट जोडला तर बोर्ड जाऊ शकतो.

मग घ्यायचं काय? खोक्यावर मुलाचं वय लिहिलेलं असतं, शेजारी कोण बसणार ते नसतं. माझ्या मते निर्णय त्यावरच करावा. घरात कोणाला वायरीची सवय नसेल तर मायक्रोबिट, जरा महाग पडला तरी. पण काकांनी सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये केली, वीज मोजायचा मल्टिमीटर त्यांच्या कपाटात आहे. त्यांनी महिनाभर नातीकडून स्क्रॅच शिकावं आणि मग तिला अर्डुइनो शिकवावं. क्लासचे पैसे वाचतील.

आणि हे सगळंच जड वाटत असेल तर आधी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणी करून बघा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. काही खेळण्यांना तर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, बाकी काही लागत नाही.

काका उनो घेऊन आले. नातीला बाल्कनीतली तुळस तहानली की दिवा लागायला हवाय. लागेल. फक्त मातीत खुपसायचा तो दोन उघड्या दातांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका, कुंडीत लवकर गंजतो. कपॅसिटिव्ह मागा, त्याचा धातू मातीला उघडा लागत नाही.