कबुली, खटला की तडजोड: हयगयीने वाहन चालवल्याच्या गुन्ह्यात काय निवडावे

ज्याच्या हातून अपघात झाला आहे, ज्यात समोरचा माणूस जखमी झाला पण वाचला आहे, आणि ज्याला आता तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहायचे आहे, अशा वाचकासाठी हे लिहीत आहे. जामीन, वकीलपत्र आणि वाहन सुपुर्दनाम्यावर सोडवून घेणे हे टप्पे तुम्ही ओलांडले असतील असे गृहीत धरतो. अपघातात मृत्यू झाला असेल, तर पुढची तुलना तुमच्या उपयोगाची नाही, कारण त्या गुन्ह्यात तडजोडीला कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

माझे प्रकरण २०२१ च्या डिसेंबरमधले आहे. कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन मी तिन्हीसांजेला शेतातून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर काढला आणि शेजारच्या गावचा एक मोटारसायकलस्वार ट्रॉलीवर आदळला. त्याच्या नडगीचे हाड मोडले. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापत असल्यामुळे दोषारोपपत्रात भारतीय दंड संहितेची कलमे २७९ (रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि ३३८ (हयगयीने जबर दुखापत करणे) आली. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या अपघातांना भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ लागतात. जबर दुखापतीची कमाल शिक्षा पूर्वी दोन वर्षे होती, ती आता तीन वर्षे आहे, आणि दंडाची मर्यादा एक हजारावरून दहा हजारांवर गेली आहे. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. दोन वर्षांहून अधिक शिक्षेचा गुन्हा असल्याने खटल्याची पद्धतही लांबची लागते, हे नव्या कलमाखाली आलेल्यांनी आपल्या वकिलांकडून नीट समजून घ्यावे.

आमच्याकडे अशी प्रकरणे बहुतेक तीन वाटांनी संपतात. पहिली वाट कबुलीची. न्यायाधीश गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात, कबूल आहे का असे विचारतात, आपण होय म्हणतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक साध्या प्रकरणांत दंड आणि न्यायालय उठेपर्यंत बसण्याची शिक्षा, एवढ्यावर त्याच दिवशी काम संपते. पुण्यामुंबईला नोकरीला असणाऱ्याला, किंवा ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्याला, या वाटेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोन गोष्टी कबुलीच्या घाईत कोणी सांगत नाही. कबुली दिली म्हणजे दंडच होईल असे कोणतेही वचन त्यात नसते, कैद देण्याचा आणि वाहन परवान्यावर बंदी घालण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहतोच. शिवाय कबुलीवरून दोषी ठरल्यावर पुढे अपील करायचे झाले, तर ते शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा तिच्या कायदेशीरपणाबद्दलच करता येते. मी दोषी नव्हतो, हे म्हणण्याची संधी तिथेच संपते. पुढे नोकरीच्या अर्जातला शिक्षा झाल्याबद्दलचा रकाना दरवेळी खरे लिहून भरावा लागतो, ते वेगळेच.

दुसरी वाट खटला लढवण्याची. तुमची चूक नसेल, तर हीच वाट योग्य आहे असे मला मनापासून वाटते. फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे शब्द जवळपास ठरलेले असतात, पण केवळ 'भरधाव' म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. घटनास्थळाचा पंचनामा, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा, वाहनाचा तपासणी अहवाल यांत गफलत असेल, तर उलटतपासणीत ती बाहेर येते आणि आरोपी सुटतोही. माझ्या प्रकरणात तशी गफलत नव्हती. ट्रॉलीच्या मागे चमकपट्टी नव्हती आणि दोन्ही बाजू पाहण्यासाठी मी जेवढे थांबायला हवे होते तेवढे थांबलो नव्हतो. तरीही सुरुवातीला मी गुन्हा नाकबूल केला, कारण सगळे तेच करतात, आणि पुढची दोन वर्षे मी ही वाट चाललो.

त्या दोन वर्षांत ज्या गोष्टीने माझा निर्णय ठरवला, ती ना वकिलांची फी होती, ना शिक्षेची भीती. आमची दोन गावे एकाच रस्त्यावर आहेत आणि तालुक्याला जाणारी सकाळची काळीपिवळी एकच आहे. साक्षीसाठी समन्स निघाले की तो जखमी माणूस, काठी टेकत, त्याच गाडीत माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसत असे. साक्षीदाराशी बोलू नका, साक्षीवर दबाव आणल्याचा नवा आरोप ओढवून घ्याल, अशी सूचना माझ्या वकिलांनी दिली होती आणि ती बरोबरच होती. त्यामुळे पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना, आणि मधला सगळा दिवस न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत, आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता बसत होतो. कधी साहेब रजेवर असत, कधी सरकारी अभियोक्ता दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले असत, कधी पंच येत नसे. असे चार वेळा झाले आणि चारही वेळा त्याची साक्ष न होताच पुढची तारीख पडली. मला वॉरंटच्या धाकाने यावे लागत होते, पण त्याने काय केले होते? चौथ्या तारखेला त्याची पत्नी सोबत होती. गाडीतून उतरताना ती सूचना वगैरे काही न मानता मला सरळ म्हणाली, "भाऊ, तारीख तुमची हाये, पर रोज आमचा बुडतोय." कापूस वेचणीचे दिवस होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी खटला चालवणार नाही असे ठरवले.

मग कबुली का नाही, असा प्रश्न रास्त आहे, आणि मीही तो वकिलांना विचारला. कबुलीत जखमी माणूस कुठेच येत नाही, हे त्याचे उत्तर. दंड बहुतेक वेळा सरकारजमा होतो, जखमीला कोणी काही विचारत नाही, आणि प्रकरण संपल्याचे त्याला पुढचे समन्स आले नाही म्हणून कळते. तिसरी वाट म्हणजे तडजोडीची. तिच्यात निदान त्याला न्यायाधीशांसमोर उभे राहून होय किंवा नाही म्हणता येते. दुखापतीची कलमे, जुनी ३३७ व ३३८ आणि नवे १२५ चे दोन्ही पोटभाग, जखमी व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतात, आणि परवानगी मिळाली की त्या आरोपापुरता परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो. बोलणे मी स्वतः सुरू केले नाही. वकिलांनी तालुका विधी सेवा समितीकडे प्रकरण लोकअदालतीसाठी ठेवण्याचा अर्ज दिला आणि पहिली बैठक तिथल्या पॅनलसमोर झाली. मी ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी गावातच बसून मिटवा असे सुचवले होते. मला ते धोक्याचे वाटले आणि आजही वाटते, कारण गावच्या बैठकीत जखमीवर भावकीचे आणि पुढाऱ्यांचे दडपण येते आणि ते कोणाच्या कागदावर दिसत नाही.

या वाटेतली खरी अडचण मला आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो. कलम २७९, म्हणजे आताचे २८१, तडजोडीने मिटत नाही. रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे हा सगळ्या जनतेविरुद्धचा गुन्हा मानला असल्यामुळे एकटा जखमी तो माफ करू शकत नाही. दुखापतीचे कलम मिटले आणि मी त्यातून सुटलो, तरी २७९ मागे उरले. अशा वेळी जखमी साक्षीत 'वाहन कोण चालवत होते ते पाहिले नाही' असे सांगतो आणि आरोपी सुटतो, ही पद्धत मी व्हरांड्यात पुष्कळ ऐकली. शपथेवर खोटे बोलायला लावणारी ती वाट मला नको होती, आणि त्या माणसाकडे ते मागण्याचा मला अधिकारही नव्हता. दुसरा मार्ग छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घेण्याचा. तो स्वच्छ आहे, पण त्याला वेगळा वकील, वेगळा खर्च आणि पुन्हा दोघांचा प्रवास लागतो. मी उरलेल्या कलमाची कबुली दिली आणि परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ चा, म्हणजे शिक्षेऐवजी समज देऊन सोडण्याचा, लाभ मागितला. पूर्वीची शिक्षा नसणे, झालेली तडजोड आणि उपचाराला केलेली मदत लक्षात घेऊन न्यायालयाने मला समज देऊन सोडले. दोष सिद्ध झाल्याची नोंद राहते, पण त्या दोषसिद्धीमुळे एरवी लागणारी अपात्रता याच कायद्याच्या कलम १२ मुळे लागत नाही. प्रत्येक न्यायालय हा लाभ देईलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जीवघेण्या अपघातांतल्या चालकांना तो सहज देऊ नये असे बजावले आहे, आणि ते मला योग्यच वाटते.

कायद्यात सौदेबाजीने शिक्षा ठरवण्याची आणखी एक तरतूद २००६ पासून अमलात आहे, पण आमच्या न्यायालयात ती कोणी वापरलेली मी पाहिली नाही.

तेव्हा, जखमी माणूस बोलायला तयार असेल आणि चूक आपली आहे हे आपल्याला मनात ठाऊक असेल, तर मी तडजोडीकडे झुकेन. समोरच्याचा विरोध कायम असेल, किंवा कोणालाच दुखापत नसून केवळ २८१ लागले असेल, तर मिटवायला कोणी नसतेच. तिथे कबुली आणि खटला यांतूनच निवडावे लागेल. तडजोड करायचीच असेल, तर ती पहिल्या साक्षीच्या आधी करावी. मी दोन वर्षे उशीर केला.

एक गोष्ट मात्र तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करण्यापूर्वी वाचून पाहा. आमच्या पहिल्या मसुद्यात जखमीची 'यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी राहिलेली नाही' असे वाक्य होते. मोटार अपघात नुकसानभरपाईचा त्याचा दावा जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात स्वतंत्र चालू होता, आणि ट्रॅक्टरचा विमा असल्याने ती रक्कम विमा कंपनीकडून मिळणे शक्य होते. त्या एका वाक्याचा आधार घेऊन कंपनीने दावा नाकारण्याचा प्रयत्न केला असता. ते वाक्य आम्ही काढायला लावले आणि त्याऐवजी ही तडजोड फौजदारी प्रकरणापुरतीच आहे, भरपाईच्या दाव्यावर तिचा परिणाम होणार नाही, असे स्पष्ट लिहून घेतले. ते वाक्य लिहून झाल्यावर त्या जखमी माणसाने ते दोनदा वाचून घेतले आणि मगच अंगठ्याशेजारी सही केली.