तीन मिलिमीटर लांब मोजणारी पाटी

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या मासेमार सहकारी संस्थेने मामा (माजी मालगुजारी) तलावातील माशांची नोंद ठेवण्यासाठी साठ सेंटिमीटरची मापनपाटी ऑनलाइन मागवली होती. एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

पाटी पांढऱ्या प्लॅस्टिकची, मध्यभागी खोलगट आणि एका टोकाला उभी आडफळी असलेली आहे. तोंड मिटलेल्या माशाचे नाक आडफळीला टेकवायचे आणि शेपटीपाशी आकडा वाचायचा, इतकेच काम असते. पाटी ओली केली की खोलगटपणामुळे जिवंत रोहूसुद्धा फारसा उसळत नाही आणि त्याचे खवलेही निघत नाहीत. पूर्वी आम्ही शिंप्याचा टेप माशाच्या अंगावरून धरत असू. त्यामुळे टेप फुगीर पोटावरून वळून जाई आणि गुबगुबीत कतला आहे त्याहून लांब भरे. तो दोष या पाटीने पुरता गेला.

सोबतच्या माहितीपत्रकात मात्र कोणती लांबी मोजायची, याचा उल्लेखच नाही. शेपटीची दोन्ही पाती एकत्र दाबून सर्वांत लांब टोकापर्यंत घेतात ती एकूण लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंतची ती दुसरी, आणि शेपटीचा पर वगळून कण्याच्या शेवटापर्यंतची ती प्रमाण लांबी. रोहूच्या बाबतीत या तिन्हींचे आकडे वेगवेगळे येतात. मरळीची शेपटी गोल असल्याने तिला खाचच नसते. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात दोघांनी दोन पद्धतींनी मोजलेले आकडे शेजारी शेजारी पडले आहेत आणि ते आता कशालाही उपयोगी नाहीत.

खरी तक्रार शून्याची आहे. स्टीलची पट्टी लावून पाहिली, तेव्हा आडफळीची आतली कड शून्यावर नसून तीन मिलिमीटरच्या खुणेवर असल्याचे आढळले, म्हणजे प्रत्येक मासा तेवढा लांब भरत होता. पंधरा सेंटिमीटरच्या माशात ही चूक दोन टक्क्यांची. परंतु माशाची अंगस्थिती, म्हणजे लांबीच्या मानाने तो किती भरलेला आहे हे, काढताना ग्रॅममधील वजनाला शंभराने गुणून सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागतात, त्यामुळे तिथे ती सुमारे सहा टक्के होते आणि धडधाकट मासा कागदावर रोडावलेला दिसतो. विक्रेत्याला कळवले असता ‘प्रत्येक मापातून तीन वजा करा’ असे उत्तर आले. डोंग्यात बसून, ओल्या हातांनी, चाळीसाव्या माशाला हे कोणाच्या लक्षात राहणार?

एक गोष्ट पाटीच्या माथी मारू नये. एकाच आसाचे, म्हणजे एकाच मापाच्या छिद्रांचे, जाळे लावले, तर ठरावीक आकाराचेच मासे अडकतात, आणि मापे कितीही अचूक घेतली तरी तलावात लहान मासे नाहीतच असे वाटू लागते. त्यासाठी वेगवेगळ्या आसांची जाळी लावावी लागतात.

शेवटी आम्ही कानस घेऊन आडफळीची आतली बाजू तीन मिलिमीटर घासली. त्यानंतर स्टीलच्या पट्टीशी माप जुळते. आकड्यांची शाई वाळू आणि चिखलाने वीस सेंटिमीटरच्या आसपास पुसट झाली आहे, कारण आमचे बहुतेक मासे तिथेच भरतात.